चकव्याची वळणं

रात्रीच्या वेळी माणूस ओळखीच्या रानात वाट चुकतो, ज्या बांधावरून निघाला त्याच बांधाशी पुन्हा येऊन पोचतो, तेव्हा गावाकडे म्हणतात, त्याला चकवा लागला. जुनी माणसं चकव्याच्या जागाही सांगतात. अमुक ओढ्याजवळ, तमुक वडाच्या पुढे. त्या जागांची यादी कोणी कागदावर केलेली नसते, पण गावाला ती पाठ असते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रस्त्यांचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरांनी मात्र अशी यादी कागदावर केली आहे. तिथे या प्रकाराला 'नजरेचा सापळा' अशा अर्थाचं नाव आहे. रस्ता डावीकडे वळतो, पण इतका वेळ कडेने सोबत करणारी विजेच्या खांबांची रांग सरळच पुढे जाते. कुठे झाडांची ओळ सरळ जाते. कुठे वळणाच्या नेमक्या टोकावर समोरून खडीचा एक फाटा येऊन मिळालेला असतो आणि दिव्यांच्या झोतात तोच मुख्य रस्ता वाटतो. ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर वेगाने आलेला माणूस खांबांच्या मागे जातो आणि गाडी रस्ता सोडून चारीत उतरते. वळणाने त्याला चकवलेलं असतं.

मिनेसोटात ८७ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने आणि लोकसंख्येने पुष्कळदा आपल्या तालुक्याएवढीच. गेल्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या सगळ्या काउंट्यांसाठी राज्याच्या वाहतूक खात्याने स्वतंत्र सुरक्षा आराखडे करून घेतले. त्यांत काउंटीच्या डांबरी रस्त्यांवरची वळणं एकेक करून तपासली गेली. वळणावर नजरेचा सापळा आहे का, वळणातच एखादा फाटा फुटतो का, वळणाची त्रिज्या किती, रोज किती गाड्या जातात, मागे तिथे गंभीर अपघात झाला होता का, असे पाच प्रश्न. ज्या प्रश्नाचं उत्तर धोक्याच्या बाजूने येईल, त्याला एक तारा. ज्या वळणाला जास्त तारे, ते काम आधी.

या पाच प्रश्नांत 'इथे मागे काही झालं का' हा प्रश्न एकच आहे. उरलेले चार रस्त्याविषयीचे आहेत, गेलेल्या माणसांविषयीचे नाहीत. ग्रामीण रस्त्यांच्या सुरक्षेत गेल्या वीसेक वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल या चारास एक प्रमाणात आहे.

* * *

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आठ पदरी महामार्ग येतो. प्रत्यक्षात तिथल्या सार्वजनिक रस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के रस्ते तीन हजारांहून थोड्या जास्त काउंट्यांच्या ताब्यात आहेत. शेतातून धान्याच्या कोठारापर्यंत, घरातून शाळेपर्यंत, दुधाच्या टँकरपासून चर्चपर्यंत सगळं या रस्त्यांवरून चालतं. बहुतेक रस्ते दोन पदरी, बरेच नुसत्या खडीचे, दिवे नाहीत, साइडपट्टी अरुंद. एकट्या मिनेसोटात काउंट्यांकडे सुमारे ४५,००० मैल रस्ता आहे आणि राज्याकडे सुमारे १२,००० मैल.

देशाच्या लोकसंख्येतली पाचातली एक व्यक्ती ग्रामीण भागात राहते, पण रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. २०२२ साली अमेरिकेत ४२,५०० हून जास्त माणसं रस्त्यावर गेली. त्या सगळ्या मृत्यूंचा प्रकार पाहिला तर जवळपास निम्म्यांत गाडी आपली लेन किंवा रस्ताच सोडून गेलेली असते, आणि जीवघेण्या अपघातांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त वळणावर घडतात. म्हणजे मोकळा रस्ता, एकटी गाडी, रात्र आणि एक वळण. शहरात दोन गाड्या एकमेकांवर घासल्या तर पाच मिनिटांत माणसं गोळा होतात. इथे उलटलेल्या गाडीचे दिवे पहाटे एखाद्या शेतकऱ्याला दिसतात. मदत यायला लागणारा वेळ हाही या आकड्यांतला एक भाग आहे. गाड्यांतून जाताना दगावलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हाही.

ही वळणं आली कुठून, याचा इतिहास मोठा वेधक आहे. १७८५ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या काँग्रेसने पश्चिमेकडची जमीन मोजून विकायचा कायदा केला. सगळ्या प्रदेशावर चौकटी आखल्या गेल्या: सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन आणि त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. रस्ते या तुकड्यांच्या हद्दींवरून गेले. मध्य-पश्चिमेतल्या आयोवा, मिनेसोटा, डकोटा या राज्यांवरून विमान गेलं तर खाली जो बुद्धिबळाचा पट दिसतो, तो हाच. पण पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जावं तसतशा रेखावृत्तांच्या रेघा जवळ येतात आणि चौकोन अरुंद व्हायला लागतात. म्हणून मोजणीदारांनी दर २४ मैलांवर दुरुस्तीची एक आडवी रेघ धरली आणि तिच्यावर चौकटी नव्याने सुरू केल्या. त्यामुळे वरच्या आणि खालच्या रेघा एकमेकींसमोर येत नाहीत. नाकासमोर चाललेला रस्ता या रेघेपाशी अचानक बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ जातो. घोडागाडीच्या काळात त्याचा कुणाला त्रास नव्हता. ताशी ८८ किलोमीटरच्या काळात ती जागा मारते. अठराव्या शतकातल्या भूमापनाचा हिशेब एकविसाव्या शतकात एखादा पोरगा रात्री अकरा वाजता चुकता करतो.

आणि याच सरळपणाचा दुसरा धोका आहे. तासन्‌तास न वळणाऱ्या, न थांबवणाऱ्या रस्त्यावर माणूस सैल होतो. चौकातल्या धोक्याचे तारे मोजताना मिनेसोटात म्हणूनच एक प्रश्न असा विचारला गेला: या 'थांबा'च्या पाटीआधीची 'थांबा'ची पाटी किती दूर होती? पाच मैलांहून जास्त असेल, तर एक तारा. पाच मैल कुठेच थांबावं लागलं नाही, की डोळ्यांपुढे पाटी असूनही ती मनापर्यंत पोचत नाही. हा प्रश्न ज्याला सुचला, त्याने त्या रस्त्यावरून गाडी नक्कीच बरीच चालवलेली असणार.

* * *

मग हे सगळं आधी का झालं नाही? कारण रस्ते खाती जगभर एकाच पद्धतीने विचार करत आली होती: अपघात कुठे होतात ते नकाशावर टिपा, जिथे टाचण्या दाट दिसतील तिथे खर्च करा. आपल्याकडे त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाची व्याख्या अशी आहे की महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, किंवा दहा माणसं मरावीत. महामार्गावर, शहरातल्या चौकात ही रीत उपयोगी आहे. तिथे गर्दी आहे, म्हणून टाचण्याही दाट होतात.

खेड्यातल्या रस्त्यावर तसं होत नाही. काउंटीत वर्षाला चार-सहा माणसं मरतात, पण प्रत्येक वेगळ्या वळणावर. यंदा या ओढ्याजवळ, पुढच्या वर्षी वीस मैल पलीकडे. मिनेसोटात वळणांच्या याद्या केल्या तेव्हा दिसलं की बहुतेक वळणांवर मागच्या पाच वर्षांत एकही गंभीर अपघात नोंदलेला नव्हता. टाचण्या कुठेच दाटत नाहीत, म्हणून नकाशा म्हणतो सगळं ठीक आहे. आणि काउंटीची बेरीज केली तर माणसं जातच असतात. ज्या वळणावर अपघात झाला तिथे पाटी लावावी, तर पुढचा अपघात दुसऱ्याच वळणावर होतो. मृत्यूच्या मागून चालणारी ही व्यवस्था ग्रामीण रस्त्यावर मृत्यूला कधीच गाठू शकत नाही. हा दोष तिच्या कष्टांत नाही, मुळातल्या रीतीत आहे.

म्हणून उलटा विचार झाला. जिथे अपघात झाले त्या जागा एकमेकींपासून दूर असतील, पण त्यांचा चेहरा सारखा आहे का? तो सारखा निघाला. वळणांचंच पाहा. सर्वसाधारण समज असा की वळण जितकं आवळ, तितकं धोक्याचं. आकड्यांनी वेगळं सांगितलं. फारच आवळ वळणावर माणूस आपण होऊन वेग कमी करतो. फार सैल वळण गाडी सहज घेते. सर्वांत जास्त घात मधल्या वळणांनी केला. साधारण ५०० ते १,२०० फूट त्रिज्येची, म्हणजे दीडशे ते साडेतीनशे मीटरच्या आसपासची वळणं. लांबून सैल दिसणारी आणि आत शिरल्यावर आवळणारी. दिसायला गरीब आणि आतून कडक.

एकदा चेहरा कळला, की त्याच चेहऱ्याच्या इतर सगळ्या वळणांवर अपघाताची वाट न पाहता काम करता येतं. मिनेसोटाच्या प्रत्येक भागात यासाठी कार्यशाळा झाल्या आणि तिथे काउंटी इंजिनिअरबरोबर शेरीफच्या खात्यातले लोक आणि स्थानिक आरोग्य खात्यातले लोकही बसले. याचंही महत्त्व आहे. रात्री दोन वाजता त्या चारीत उतरणारा पोलीस आणि जखमीला उचलणारा माणूस यांना रस्ता जसा माहीत असतो, तसा तो नकाशावर दिसत नाही. २०१३ साली अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने हीच रीत सगळ्या देशासाठी पुस्तिकेच्या रूपात मांडली.

* * *

उपाय काय, हे ऐकल्यावर पहिल्यांदा थोडा विरस होतो. उड्डाणपूल नाही, चौपदरीकरण नाही. रंग, पाट्या, खाचा आणि डांबराची एक तिरकी कड.

रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा चार इंचांऐवजी सहा इंच रुंद करायचा. ग्रामीण दोन पदरी रस्त्यांवर चौकाबाहेरचे मृत्यूचे आणि दुखापतीचे अपघात एवढ्याने ३७ टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असं महामार्ग प्रशासनाचं म्हणणं आहे. रस्त्याच्या मधल्या रेघेवर खाचा कोरायच्या, म्हणजे चाक तिच्यावर गेलं की गाडी थरथरते आणि डुलकी लागलेला चालक जागा होतो. दोन पदरी रस्त्यांवर समोरासमोरच्या मृत्यूच्या आणि दुखापतीच्या धडका यामुळे ४४ ते ६४ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. आपल्याकडे गावाच्या तोंडाशी आडवे रंबलर असतात. हे त्यांचे उभे भाऊबंद, रस्त्याच्या लांबीला धरून चालणारे. खाचांचा आवाज शेतातल्या घरांपर्यंत जातो, लोकांची झोप मोडते, तक्रारी होतात. मिनेसोटाने त्यावर लाटेच्या आकाराच्या, सौम्य उताराच्या खाचा करून पाहिल्या. त्यांचा आवाज गाडीत पुरेसा येतो आणि बाहेर कमी पोचतो. जागा होणारा माणूस आणि झोपलेला माणूस, दोघांचीही सोय पाहण्याची ही वृत्ती सरकारी कामात दिसली की बरं वाटतं.

पण या सगळ्यात थांबून समजून घ्यावी अशी गोष्ट आहे डांबराची कड. डांबराचा थर आणि साइडपट्टी यांच्यात अंतर पडणं आपल्याला नवं नाही. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून जातो आणि रस्त्याची कड पायरीसारखी उभी राहते. समोरून ट्रक आला म्हणून गाडीचं एक चाक खाली उतरतं. चालक घाबरून गाडी वर घ्यायला स्टिअरिंग वळवतो. टायरची बाजू त्या उभ्या कडेला घासत राहते, वर चढत नाही. तो आणखी जोराने वळवतो. मग टायर एकदम वर चढतो, आणि आता चाकं नको इतकी वळलेली असतात. क्षणात गाडी समोरच्या लेनमध्ये आडवी जाते. नंतर पंचनाम्यात चालकाचा ताबा सुटला एवढंच येतं. ताबा पायरीने सोडवलेला असतो.

यावरचा उपाय डांबर टाकतानाच करायचा. पेव्हर यंत्राला एक साधी पट्टी बसवायची, म्हणजे थराची कड उभी न राहता साधारण ३० अंशांच्या उताराने दाबली जाते. मुरूम वाहून गेला तरी टायर त्या उतारावरून अलगद वर येतो. वेगळं कंत्राट नको, वेगळी जमीन नको. महामार्ग प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार यामुळे रस्ता सोडून जाण्याचे अपघात २१ टक्क्यांनी आणि समोरासमोरचे १९ टक्क्यांनी घटले. एवढ्या कमी खर्चात एवढा गुण देणारी दुसरी गोष्ट रस्त्याच्या कामात क्वचितच सापडेल.

पाट्यांचं उदाहरण तर याहून ठळक आहे, आणि ते कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मेंडोसिनो काउंटीचं आहे. डोंगर, उंच झाडी, नागमोडी रस्ते. तिथल्या परिवहन विभागाने ठरवलं की मुख्य काउंटी रस्ते ठरावीक वर्षांनी एकदा पूर्ण फिरून पाहायचे: वळणाची पाटी आहे का, योग्य जागी आहे का, तिच्यावर लिहिलेला वेग बरोबर आहे का. १९९२ ते १९९८ या काळात तपासणी झालेल्या रस्त्यांवरचे अपघात सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. त्याच काळात काउंटीतल्या इतर रस्त्यांवर ते चौथ्या हिश्श्याहून जास्त वाढले. पाट्यांवर झालेला खर्च होता सुमारे ८०,००० डॉलर.

वळणाच्या पाटीवरचा वेग कसा ठरतो, हेही सांगायला हवं. गाडीच्या डॅशबोर्डवर एक वाकडी काचनळी बसवतात, तिच्यात द्रव आणि एक गोळी. वळण घेताना गोळी बाजूला सरकते. वेग पाच-पाच मैलांनी वाढवत तेच वळण पुन्हा पुन्हा घ्यायचं आणि गोळी ठरावीक अंशांपलीकडे गेली की थांबायचं. ओटीपोटात जी ओढ जाणवते, तिचं हे मोजमाप आहे. साधं, जुनं उपकरण. आता जीपीएसवर चालणारी साधनंही आहेत.

पाटी लावली म्हणून काम संपत नाही. उन्हापावसाने तिचा चमकणारा थर मरतो. दिवसा ती ठीक दिसते आणि रात्री, जेव्हा तिची गरज असते, तेव्हा आंधळी होते. अमेरिकेत पाटीने रात्री किमान किती प्रकाश परत द्यावा याचे नियम आहेत आणि ते तपासायच्या मान्य पद्धतींपैकी एकीत अट अशी, की तपासणारा माणूस किमान ६० वर्षांचा असावा. तरुण डोळ्यांना जी पाटी चालते, ती म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. रात्री गाडीतून फिरत ज्येष्ठ डोळ्यांनी पाटी 'नापास' ठरवली, की ती बदलायची. सरकारी नियमांच्या जाडजूड पुस्तकात माणसाचं वय असं एखाद्या उपकरणासारखं नोंदलेलं पाहिलं की त्या पुस्तकामागे माणसंच बसली होती, याची खात्री पटते.

* * *

मिनेसोटाच्या दक्षिण टोकाला, मेयो क्लिनिकमुळे जगाला माहीत असलेल्या रॉचेस्टर शहराच्या जवळ फिलमोर काउंटी आहे. टेकड्या, मका, आणि अमिश लोकांची वस्ती. अमिश पंथाचे हे शेतकरी मोटार बाळगत नाहीत. काळ्या रंगाच्या घोडागाड्यांतून ते डांबरी रस्त्यावरून जातात आणि मागून पिकअप येतो. घोडागाडी ताशी दहा-बारा किलोमीटर, पिकअप ऐंशी-नव्वद. या दोन वेगांमधलं अंतर हाच तिथला धोका.

ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यावरून रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. मळ्यातून कारखान्याकडे निघालेली बैलगाडी किंवा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. दिव्यांच्या झोतात त्या दिसतात तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. पिकाचंही तसंच. उन्हाळ्याच्या शेवटी तिकडे मका माणसापेक्षा उंच होतो आणि चौकातून आडव्या रस्त्यावरचं काही दिसत नाही. इकडे ऊस तेच काम करतो.

सावकाश चालणाऱ्या वाहनाच्या मागे लावायचा नारिंगी त्रिकोण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झाला. लाल चमकती कड, मध्ये झगझगीत नारिंगी. तो अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कायद्याने आला. पण अमिशांतल्या सर्वांत सोवळ्या गटांनी तो नाकारला. भडक रंग हा त्यांच्या लेखी दिखाऊपणा, आणि देवावरचा भरवसा सोडून माणसाच्या खुणेवर विसंबणं हे त्यांना पटत नव्हतं. फिलमोर काउंटीत दंड झाले, काहींनी दंड भरला नाही, आणि प्रकरण मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० साली न्यायालयाने राज्याच्या घटनेच्या आधाराने अमिशांच्या बाजूने निकाल दिला: पांढऱ्या चमकत्या पट्ट्या आणि लाल कंदील लावून सुरक्षितता साधता येत नाही, हे राज्याने सिद्ध केलेलं नाही.

हा निकाल सुरक्षेला मागे खेचणारा होता, असं काहींना वाटलं. या लेखाचं मत तसं नाही. त्रिकोण नाकारणाऱ्या माणसाने पांढरी पट्टी स्वीकारली, तर रात्रीच्या रस्त्यावर एक गाडी दिसायला लागली. दंडावर दंड होत राहिला असता, तर ती अंधारातच राहिली असती.

* * *

आता या गोष्टीची अवघड बाजू. धोक्याची यादी करायची म्हणजे आपल्याला धोका माहीत आहे, हे लिहून द्यायचं. उद्या त्याच वळणावर कोणी मेलं, तर वकील तीच यादी न्यायालयात दाखवणार: तुम्हाला माहीत होतं, मग का केलं नाही? काउंटीच्या कचेऱ्यांत ही भीती खरी असते, आणि यादीच न करण्याचा मोह त्यातूनच होतो.

वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा शहराभोवती पियर्स काउंटी आहे. तिथला एक चौक धोक्याचा आहे, हे काउंटीला कळलेलं होतं. सुधारणेसाठी तिने केंद्राच्या निधीतून पैसे मागितले. पहिला अर्ज नाकारला गेला. ३ एप्रिल १९९६ रोजी दुसरा अर्ज केला. ५ जुलैला त्याच चौकात एका बाईचा अपघाती मृत्यू झाला. २६ जुलैला अर्ज मंजूर झाला.

तीन आठवडे.

तिच्या नवऱ्याने काउंटीकडे त्या चौकाच्या अपघातांची कागदपत्रं मागितली. काउंटीने नकार दिला, कारण निधीसाठी गोळा केलेली अशी माहिती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येऊ नये, असा केंद्राचा कायदा आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या बाजूने कौल दिला. प्रकरण वॉशिंग्टन डी. सी.पर्यंत गेलं आणि जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा वैध ठरवला. तर्क असा, की हे संरक्षण नसेल तर काउंट्या धोके शोधायचंच बंद करतील, आणि तसं झालं तर आणखी माणसं मरतील. मात्र याच घटनेची जी माहिती पोलिसांसारख्या दुसऱ्या खात्याने आपल्या कामासाठी आधीच गोळा केली आहे, तिला हे कवच मिळत नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

तर्क बरोबर आहे. तरीही त्या नवऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर तो पुरत नाही. जिच्या मरणाआधी निदान तीन महिने सरकारला धोका कळला होता, तिच्या माणसाला ते कळण्याचा हक्क असायला हवा. धोका शोधणाऱ्या इंजिनिअरला संरक्षण द्यावं, पण शोधून तसाच ठेवणाऱ्या व्यवस्थेला ते मिळू नये. यादीवर तारीख असावी आणि तारखेला मुदत असावी, एवढी मागणी अशक्य कोटीतली नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. २००५ साली अमेरिकी काँग्रेसने धोक्याच्या ग्रामीण रस्त्यांसाठी दरवर्षी ९ कोटी डॉलर राखून ठेवले. २०१२ साली ती राखीव रक्कम गेली आणि तिच्या जागी नियम आला: ज्या राज्यात ग्रामीण रस्त्यांवरच्या मृत्यूंचं प्रमाण वाढेल, त्याने ठरावीक रक्कम या रस्त्यांवर घातलीच पाहिजे. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने स्थानिक संस्थांना थेट देण्यासाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर ठेवले.

आणि परिणाम? मिनेसोटाने शून्य मृत्यूंचं ध्येय ठेवलेली मोहीम २००३ साली सुरू केली, तेव्हा राज्यात वर्षाला ६५५ माणसं रस्त्यावर जात होती. २०१० साली ४११. २०१४ साली ३६१. यात पट्टे, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरची कारवाई, सुधारलेल्या गाड्या, रुग्णवाहिका, सगळ्यांचा वाटा आहे. एकट्या वळणांच्या यादीला हे श्रेय देणं खोटेपणा होईल. मग करोनाचा काळ आला, रस्ते रिकामे झाले, वेग वाढला, आणि २०२१ साली आकडा ४८८ वर गेला. रंगाचा पट्टा चुकणाऱ्याला वाचवतो. ताशी दीडशेने जाणाऱ्याला वाचवण्याची ताकद त्याच्यात नाही.

* * *

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. भारतातल्या रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी वर्गवारी ज्या योजनेने रूढ केली, ती १९४३ साली मुख्य अभियंत्यांच्या नागपूरच्या परिषदेत ठरली आणि नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. त्याच वर्गवारीतून पुढे आपल्या मैलाच्या दगडांवरची 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' ही अक्षरं आली. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. हेच आपले काउंटी रस्ते.

२०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मरण पावली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या या मृत्यूंपैकी ३९ टक्क्यांहून जास्त मृत्यू राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग सोडून इतर रस्त्यांवर झाले. ब्लॅक स्पॉटची गणती मात्र महामार्गांच्या मापाची आहे. प्रजिमाच्या एखाद्या वळणावर पाच वर्षांत दोन दुचाकीस्वार गेले, तर ते वळण कोणत्याच यादीत येत नाही. गावात ते सगळ्यांना माहीत असतं. कडेला शेंदूर फासलेला एक दगड आणि वाळलेला हार असतो, पाटी नसते.

आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. तालुक्यातली सगळी वळणं एकदा मोजायला, खांब सरळ जातात का ते पाहायला, ऊस चौकापासून किती अंतरावर आहे ते लिहायला, साइडपट्टीची पायरी फुटपट्टीने मोजायला परदेशी सल्लागार लागत नाहीत. शाखा अभियंता, पोलीस पाटील आणि १०८च्या गाडीचा चालक एका दिवशी एकत्र फिरले तरी निम्मी यादी होते.

या दिवाळीला गावी जाल, तेव्हा घरातल्या साठी उलटलेल्या माणसाला रात्री गाडीत पुढच्या सीटवर बसवा. फाट्यापासून घरापर्यंतच्या प्रत्येक वळणावर त्यांना विचारा: पाटी आहे का, कुठून दिसली, रस्ता कुठे वळेल असं वाटलं. जिथे त्यांचा अंदाज चुकला, ती जागा किलोमीटरच्या दगडासकट लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज करा आणि तो ग्रामपंचायतीत, बांधकाम उपविभागात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. अर्जावर तारीख घाला, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.